जावईबापूंची ज्योत

रविवार, १७ मे

आजपासून धोंड्याचा महिना लागला. हर्षालीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक, त्यामुळे आमच्या सौ. विमलच्या अंगात आलं आहे. जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला पुरणाचे धोंडे करून घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे, शब्द खाली पडू द्यायचा नाही. माझ्या पहिल्या धोंड्याला सासूबाईंनी मला एक टॉवेल दिला होता. असो.

इतरांना बरं असतं. जावई येतो, जेवतो, ताट-वाटी घेऊन घरी जातो. आमचे जावईबापू फेब्रुवारीपासून इथंच आहेत. ज्ञानेश पुण्याला प्रयोगशाळेत होते. त्यांचं म्हणणं असं, की पेट्रोलपासून जे जे होतं, इंधन, प्लास्टिक, रंग, ते सगळं झाडपाल्यापासूनही होतं, आणि झाडपाला नाशिक जिल्ह्याइतका कुठं वाया जात नाही. वायनरीतला द्राक्षाचा चोथा, सडका कांदा, भाव पडला की रस्त्यावर ओततात तो टोमॅटो. आधी त्याचा गॅस काढायचा, मग पुढे त्याच्या पाण्यातून प्लास्टिकचा कच्चा माल. त्यांच्या आईवडिलांचा सिडकोत दोन खोल्यांचा फ्लॅट. तिथं काय टाकी गॅलरीत ठेवणार? म्हणून आमच्या वणीच्या मळ्यात, कांदाचाळीला लागून, भली मोठी टाकी आणि तिच्यावर काळ्या रबराचा फुगा. गॅस झाला की फुगा फुगणार आणि पाइपातून शेडमधल्या शेगडीला येणार.

अजून काही फुगलेला नाही. शेजारचा पुंजा रोज बांधावरून विचारतो, "निवृत्तीभाऊ, जावईबापूंचा ग्यास निघाला का?" मी म्हटलं, तुला निघतो तेवढा बास आहे गावाला.

इथं लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. मला त्या फुग्याशी काही देणंघेणं नाही. पण त्याच्यापायी लेक घरात आहे. रोज सकाळी "आबा, चहा घ्या" म्हणते. मला तेवढं पुष्कळ झालं.

मंगळवार, १९ मे

आज विमलने कमाल केली. मी टाकीपाशी गेलो तर ही बाई हातात ताट घेऊन उभी. ताटात दोन धोंडे, वर तूप. म्हटलं, हे काय? म्हणे, "टाकी कुणाची? जावयाची ना? मग धोंड्याच्या महिन्यात तिला नुसता सडका कांदा घालायचा? लोक काय म्हणतील?"

आणि घातले. वर हळदीकुंकूही लावलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पुंजाच्या बायकोने, चंद्रभागेने, ते बघितलं. दुपारपर्यंत वाडीतल्या सगळ्या बायका हजर. कुणाच्या हातात पुरण, कुणाच्या हातात अनारसे. ज्यांचे जावई धोंड्याला येणार नाहीत त्यांनी तर मनातली सगळी हौस आमच्या टाकीवर भागवून घेतली. चंद्रभागा टाकीच्या तोंडाशी वाकून म्हणते, "घ्या वो अजून एक, लय नाय, माझी शप्पत हाय!" टाकी काय नाही म्हणणार?

ज्ञानेश बिचारे हातात काचेची नळी घेऊन उभे. "आई, एवढं गोड एकदम..." विमल म्हणाली, "तुम्ही गप बसा. सकाळी तुम्हीसुद्धा नीट जेवला नाहीत."

गुरुवार, २१ मे

टाकी आंबली. वास बांधापर्यंत. ज्ञानेशनी कागदाची पट्टी बुडवली, ती बघून त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी मला समजावलं ते असं : आत दोन प्रकारचे जंतू. एक अन्नाचं आंबट करतात, दुसरे त्या आंबटाचा गॅस करतात. पहिल्यांना धोंडे इतके मानवले की दुसऱ्यांचा जीव घुसमटला. उपाय काय, तर खाणं बंद, चुना घालायचा, ताजं शेण घालायचं आणि वाट बघायची.

विमलला हे पटेना. "ऐन धोंड्यात जावयाची टाकी उपाशी ठेवू? मला पाप लागेल."

पण खरी गोष्ट वेगळीच. चहाच्या वेळी ज्ञानेश चाळीमागे फोनवर बोलत होते, मी कांदे निवडत होतो. म्हणाले, "महिनाअखेर ज्योत नाही पेटली तर पुण्याचं काहीतरी बघावंच लागेल. घरजावई म्हणून किती दिवस बसू?" पुढचं ऐकायला मी थांबलो नाही.

शनिवार, २३ मे

हर्षाली सकाळी टेप घेऊन मागच्या खोलीची मापं घेत होती. म्हटलं, कशाला? म्हणे, "कपाट बसतंय का बघते." मग विचारलं, "आबा, माझी बीएडची कागदपत्रं कुठल्या पेटीत आहेत?" म्हणजे पुण्याला नोकरी शोधणार. कपाटही नेणार. सगळं ठरलेलं दिसतं, फक्त मला सांगायचं बाकी आहे.

मी अंबडच्या एमआयडीसीत उभं आयुष्य पाइप जोडण्यात काढलं. फिटर म्हणून लागलो, फिटर म्हणून बाहेर पडलो, आणि माझ्या जॉइंटमधून कधी थेंब गळला नाही. दुपारी सगळे जेवून आडवे झाले, तेव्हा स्वयंपाकघरातला जास्तीचा सिलिंडर उचलला, चाळीत कांद्यांच्या गोणीमागे ठेवला, टाकीकडून येणाऱ्या पाइपात तीन तोंडांची टी बसवली, एक बारीक कॉक लावला आणि होज पाइप मातीखालून नेला. टेफ्लॉन टेपचे वेढे मोजून. वर पालापाचोळा. कॉक अगदी केसभर उघडायचा, बस्स. साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही.

पाना पेटीत टाकला आणि मीही जाऊन आडवा झालो.

रविवार, २४ मे

पेटली! सकाळी ज्ञानेशनी रोजच्या सवयीने काडी लावली आणि भप्पकन ज्योत. ते दोन पावलं मागे उडाले. हर्षाली ओरडत आली, विमल ओरडत आली, पुंजा बांध ओलांडून आला. विमलने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "बघा, खाल्लं अन्न अंगी लागलं." आणि पुन्हा धोंडे आणायला निघाली. मी खच्चून ओरडलो तेव्हा थांबली.

ज्ञानेश मात्र पट्टी बुडवून बघतात आणि डोकं खाजवतात. "आबा, आत अजून इतकं आंबट आहे. गॅस यायलाच नको. आणि ज्योत पिवळी का?"

मी म्हटलं, नवा पाइप सुरुवातीला असाच जळतो. त्यांनी मान डोलावली. शिकलेला माणूस आपल्या शब्दाला मान देतो हे बघून वाईट वाटलं.

बुधवार, २७ मे

आज एकादशी, त्यामुळे टाकीच्या उपाशी राहण्याचा प्रश्न सुटला. विमल म्हणाली, उपास असेल तर माझी हरकत नाही. पण दहा वाजता साबुदाण्याची खिचडी घेऊन आली, "उपासाला चालते." हर्षालीने पातेलं हातातून काढून घेतलं आणि आम्हीच खाल्ली.

चुना घातला. पुंजाने "टाकीच्या पोटाला" म्हणून स्वतःच्या तंबाखूच्या डबीतला चुनाही पुढे केला. माणूस मूर्ख आहे, पण मन चांगलं. त्याच्याच गोठ्यातलं शेण पाट्या भरभरून घातलं.

शनिवार, ३० मे

हे भलतंच होऊन बसलं. ज्ञानेशना वाटतंय की त्यांना शोध लागला. आंबट टाकीतूनही ज्योत! जगात कुणाला जमलेलं नाही म्हणे. जेवताना त्यांचा घास हातातच राहतो. "आबा, पुस्तकंच बदलावी लागतील." मी वरणाकडे बघत बसलो. आज त्यांनी अंबडच्या एका कंपनीला लांबलचक मेल लिहिली. माझ्या एका कॉकमुळे पुस्तकं बदलणार! सांगून टाकावं असं चारदा मनात आलं, पण सांगितलं तर सोमवारी दोघं पुण्याच्या गाडीत.

संध्याकाळी हर्षाली ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. "आबा, एक बोलायचं होतं. हा गॅस नसता ना निघाला, तरी आम्ही..."

मी म्हटलं, "निघालाय ना? मग! निघणारच होता. अभद्र बोलू नको." आणि उठून पाणी धरायला गेलो. मला तिच्या तोंडून पुण्याचं नाव ऐकायचं नव्हतं.

गुरुवार, ४ जून

ज्योत आता निळी झाली. अगदी स्वच्छ, आवाज न करता जळते. माझा कॉक आता बरोबर बसला, हात अजून विसरलेला नाही. फुगाही टम्म झालाय, बायका येऊन थापट्या मारून जातात. सिलिंडर हलवून बघितला तर जसाच्या तसा जड. यंदा एजन्सीवाल्याने काटोकाट भरून दिला म्हणायचा.

आंबट वासही गेला. ज्ञानेश म्हणतात, "आता सगळं नियमात आलं, म्हणजे माझा शोध गेला. मला उलट वाईट वाटतं." ह्या वैज्ञानिकांचं काही खरं नाही.

हर्षाली आज वणीतल्या शाळेत गेली होती, मैत्रिणीला भेटायला असणार. फार खुशीत आली. येताना पडद्यांचं कापड आणलं, मोरपंखी. मागच्या खोलीच्या खिडकीला लावून बघत होती. आता पुण्याच्या खिडक्यांची मापं इथं कशी कळणार?

सोमवार, ८ जून

अंबडच्या कंपनीचं उत्तर आलं. आंबट ज्योतीचं त्यांनी हसण्यावारी नेलं, मोजमाप चुकलं असेल म्हणाले. मी सुटकेचा श्वास सोडला, तो अर्धाही सुटला नाही तोच ज्ञानेशनी पुढचं वाचलं. चोथ्यावर आणि कांद्यावर एवढी स्वच्छ ज्योत त्यांनी कुठं बघितलेली नाही. येत्या शनिवारी बघायला येणार. मनासारखी दिसली तर ज्ञानेशना त्यांच्या मोठ्या कारखान्याचा साहेब करणार. भाताच्या पेंढ्यापासून गॅस आणि रसायनं. कुठं? लुधियानाला!

लुधियाना! मी नकाशात बघितलं. तिथून पुढे थोडं गेलं की देश संपतो.

पुण्याला शिवशाहीने जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. मी काय करून बसलो!

बुधवार, १० जून

मीच लावलेल्या ज्योतीने माझी पोर पंजाबात चालली. हर्षालीने पडद्याचं कापड घडी घालून ठेवलंय. ज्ञानेश मात्र घरभर फिरत हिंदीची तयारी करतात.

एकच मार्ग दिसतो. शनिवारी कंपनीची माणसं समोर उभी असताना सिलिंडर बंद करायचा. ज्योत विझेल, ती लोकं निघून जातील. ज्ञानेशची फजिती होईल, मान्य. चारचौघांत होईल. गेले चार महिने तो मुलगा हात कोपरापर्यंत त्या घाणीत घालून राबतोय, कधी आवाज चढवला नाही, मला आबा म्हणतो. आणि मी त्याच्या तोंडाला काळं फासणार. मी स्वार्थी माणूस आहे. पुण्याला गेले तर जाऊ देत, पुणं चालेल. लुधियाना नको.

शनिवार, १३ जून

जे घडलं ते तसंच लिहितो.

अकरा वाजता गाडी आली. महेश सर म्हणून एक मोठे साहेब, आणि पूजा नावाची मुलगी, गळ्यात कॅमेरा. अर्धी वाडी जमली. विमलने शेगडीवर चहाचं आधण ठेवलं. ज्ञानेशनी काडी लावली. निळी ज्योत. महेश सर खाली वाकून बघतच राहिले. "वा! काय ज्योत आहे!"

मी लघवीचं निमित्त काढून चाळीत गेलो. गोण्यांमागे हात घातला आणि सिलिंडरचं बटण बंद केलं. परत येऊन उभा राहिलो, डोळे खाली.

चहा उकळायला लागला.

म्हटलं, पाइपात उरला असेल. जळू दे. साहेब प्रश्न विचारतायत, ज्ञानेश सांगतायत, ज्योत तशीच. मी पुन्हा चाळीत गेलो, कॉक फिरवून घट्ट बंद केला. परत आलो. विमल कपात चहा गाळत होती आणि दुसरं आधण ठेवत होती. हे काय चाललंय? मी तिसऱ्यांदा गेलो. पाना घेतला, होज पाइपच उपसून काढला. पाइप हातात आला, टोक मोकळं. आता विझू नको म्हणावं! चाळीच्या फटीतून बघितलं. ज्योत निळी, जराही हलली नाही.

मी गोणीवर बसलो. मी फिटर माणूस, मला एवढं कळू नये? फुगा टम्म, वास गेलेला, सिलिंडर जड, ज्योत निळी. दहा-बारा दिवस ही टाकी तिच्या स्वतःच्या जिवावर जळत होती आणि मी माझ्या कॉकचं कौतुक करत बसलो होतो. जावई माझा खरा निघाला. आनंद झाला हो, खोटं कशाला सांगू? आणि त्याच क्षणी कळलं की आता काहीच करता येणार नाही.

मग काय सुचलं कुणास ठाऊक, सिलिंडर खांद्यावर घेतला आणि घरात ठेवायला निघालो. चाळीतून बाहेर येतो तर सगळे माझ्याकडे बघतायत. विमल ओरडली, "अहो, सिलिंडर घेऊन कुठं निघालात?"

माझ्या तोंडून निघालं, "परत करायला."

महेश सरांनी टाळ्या वाजवल्या. "बघा! ह्यांना आता सिलिंडरची गरजच उरली नाही!" पूजाने खटाखट फोटो काढले. मला शेगडीजवळ उभं केलं, सिलिंडर खांद्यावर, शेजारी ज्ञानेश. म्हणाली, "आजोबा, हसा ना." मी हसलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पुंजाने तर शिट्टी मारली. सिलिंडर खाली ठेवल्यावर मीही वाजवल्या.

साहेबांनी तिथंच ज्ञानेशचा हात हातात घेतला. त्यांना महिनाअखेर रुजू व्हायचं आहे.

रविवार, १४ जून

हर्षाली सकाळी चहा घेऊन आली आणि बसली. या वेळी मी उठलो नाही.

म्हणाली, "आबा, मला वणीच्या शाळेत विज्ञान शिकवायला घेत होते. उद्यापासूनच. ज्ञानेशनाही पटलं होतं. गॅस नसता निघाला तर प्लांट बंद करून ते पिंपळगावला वायनरीत लागणार होते आणि आम्ही इथं मागच्या खोलीत राहणार होतो. पुण्याचं त्यांनी मे महिन्यातच डोक्यातून काढलं होतं. तुम्हाला किती वेळा सांगायला आले, तुम्ही ऐकूनच घेत नव्हतात. आता आज शाळेला नाही म्हणून कळवते."

मी म्हटलं, चांगलं झालं ना पण, एवढी मोठी नोकरी. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणी मी तिच्या फिरवायचो तसा.

सिलिंडरचं मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगून आता उपयोग काय?

शनिवार, २० जून

गेले. विमलने तेहतीस अनारसे, धोंड्याचं ताट आणि लोणच्याची बरणी दिली. ज्ञानेश पाया पडले तेव्हा मी त्यांना वाकू दिलं नाही, मिठीच मारली. ते गडबडून गेले. आमच्यात अशी पद्धत नाही.

जाताना म्हणाले, "आबा, टाकी आता तुमच्यावर सोपवली. रोज वेळेवर खायला घालावं लागेल. एक आठवडा जरी चुकलात तरी आतले जंतू उपाशी मरतील. आणि मापात घाला, आग्रह नको."

हर्षाली खिडकीतून म्हणाली, "दिवाळीला दोघं या लुधियानाला."

गाडी गेल्यावर विमल म्हणाली, "दोघं कसे जाणार? टाकीला कोण घालणार खायला?"

रविवार, ५ जुलै

रोज सकाळी पाटीभर कांदा आणि चोथा घालतो. पुंजा म्हणतो, मी घालीन, तुम्ही जा खुशाल. पण त्याला काय कळतंय! दोन दिवसांत बायकोला बोलावून पुरण घालेल.

रोज संध्याकाळी सात वाजता ज्ञानेशचा व्हिडिओ कॉल येतो. "आबा, ज्योत दाखवा." त्यांना तिकडच्या साहेबांना रोजची नोंद द्यावी लागते. मी शेगडीपुढे उकिडवा बसतो आणि फोन ज्योतीकडे धरतो. मी त्यांना दिसत नाही, ज्योत दिसते. पण मला स्क्रीनवर ते दिसतात. त्यांच्या मागे हर्षाली स्वयंपाक करत असते. कधी पाठ दिसते, कधी नुसता हात. परवा वळून हसली. केस कापलेत वाटतं.

विमल म्हणते, सरळ हर्षालीला फोन करावा, ती काय नाही म्हणणार आहे? विमल स्वतः करते, तासभर बोलते. मला नाही जमत. काय बोलू? जेवलीस का, ऊन आहे का, संपलं.

ज्योत निळी असते, एकदम झकास. ज्ञानेशचं काम चटकन होतं. म्हणतात, "दिसली आबा. ठेवू का?"

मी म्हणतो, "थांबा जावईबापू, आत्ता वाऱ्याने हलली. नीट दाखवतो."